मामाजींचा अंगठा

मामाजी कुठलीही वस्तू डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं बघायचे. नवी बादली असो, लेकीच्या साडीचा काठ असो, नाहीतर नातवाचं तापलेलं कपाळ. आधी उजवा अंगठा फिरायचा, मग मत निघायचं. नागपूरकडून येऊन सगळी नोकरी इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर म्हणून काढलेला आणि रिटायर झाल्यावर जवळच्याच कुरुद गावात दोन खोल्या बांधून राहिलेला माणूस. माझे सासरे. त्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील.

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की ते अंगणात पाट मांडून बसायचे आणि खिशातला घडीचा चाकू उघडायचे. ओल्या फडक्यावर दगड, दगडावर पाण्याचे चार थेंब. पातं जरासं उचलून एकाच कलानं घासत राहायचं. एक बाजू घासली की धारेच्या दुसऱ्या अंगाला पोलादाची केसासारखी कोर उलटून येते. प्लांटमधले लोक तिला बर्र म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही. पात्याच्या पाठीकडून धारेबाहेर अंगठा अलगद ओढला की अडखळते. "बर्र आली म्हनजे काम अर्धं झालं," मामाजी म्हणायचे. "लोक इथंच उठतेत. बर्र काढाले कोनाले टाईम नाही." स्वतः मात्र बाजू बदलत हात हलका हलका करत जायचे, आणि शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावरून पातं उलटं ओढायचे. मग त्याच चाकूनं बिही, म्हणजे आपला पेरू, कापून सगळ्यांना एकेक फोड.

माझं हुडको वस्तीत जुन्या सामानाचं दुकान आहे. कूलर, कपाटं, पंखे. हातगाडीपासून सुरुवात केली आणि कोणापुढे हात पसरला नाही. पण लग्नाच्या बैठकीत हेच मामाजी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "पोरगा बोलते चांगला. पन दुकानदाराचा शब्द म्हनजे बर्रवाली धार हाय. दोन दिवस वापरून पाहा लागते." पाहुणे हसले. मुलगी मला हवी होती म्हणून पोहे खात राहिलो. नाहीतर बशी तिथंच ठेवून निघालो असतो. लग्न झालं, मुलं झाली, दुकानाची जागा स्वतःची झाली. ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

एकदा मी दुकानातल्या मशीनवर एक चाकू घासून मुद्दाम कुरुदला नेला. त्यांच्यासमोर मनगटावरचे केस साफ उडवून दाखवले. "बोला मामाजी, आता?" त्यांनी अंगठा ओढला आणि चाकू परत दिला.

"बर्र हाय जी."

"केस उडून राहिले, दिसत नाही का तुमाले?"

"केस उडतीनच. दोन बिह्या कापा, मंग सांगा."

मी रागानं कापायला बसलो. दुसरा पेरू अर्ध्यावर चेपला. सासूबाई आत तोंडाला पदर लावून हसत होत्या. मामाजी हसले नाहीत, म्हणून मला जास्तच झोंबलं. बायकोला घेऊन जेवायच्या आधीच निघून आलो आणि दोन महिने तिकडे फिरकलो नाही.

मग शुगरनं त्यांची बोटं बधिर झाली. चहाचा कप किती गरम आहे तेही कळेना. बायको म्हणाली, बाबा आजकाल चाकू घेऊन नुसते बसून राहतात. त्या रविवारी गेलो तर खरंच अंगणात बसले होते. पातं घासून झालं होतं आणि अंगठा पुन्हा पुन्हा धारेवरून ओढत होते. शेजारी माझा मेहुणा, त्यांचा एकुलता मुलगा, उभा होता.

"एकदम बढिया हो गया बाबा," तो म्हणाला. "बस करा आता."

मामाजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चाकूची मूठ माझ्याकडे केली. "जवाईबापू, जरा तुमचा अंगठा लावा."

मी लावला. टोकाजवळ, डाव्या अंगाला अडखळलं. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम होता. मेहुणा मला डोळ्यांनी खुणावत होता, हो म्हण म्हणून. गिऱ्हाइकासमोर अशा वेळी माझं तोंड बिनचूक चालतं. तिथं चालेना.

"हाय मामाजी," मी म्हणालो. "टोकापाशी. डाव्या अंगाले."

"कावून बे जीजा..." मेहुणा चिडला.

"तू चूप," मामाजी म्हणाले. "तू बापाले खुश करून राहिला. हा माह्यासंगं भांडन, पन खराब मालाले चांगला नाही म्हननार."

त्यांनी परत दगडावर पाणी शिंपडलं. नंतरची दोन वर्षं रविवारी दुकान दुपारनंतरच उघडायचं. दगड त्यांचा, हात त्यांचे, अंगठा माझा. कधीकधी चारचारदा मी "हाय" म्हणायचो आणि ते चारचारदा बसायचे. आमच्यात दुसरं फारसं बोलणं होत नसे.

दवाखान्यात भरती व्हायच्या आधीच्या रविवारी पहिल्याच वेळी पातं साफ लागलं. मी दोन्ही बाजूंनी अंगठा ओढून पाहिला.

"गेली, मामाजी."

त्यांनी स्वतः लावून पाहिलं नाही. चाकू मिटला आणि खिशात टाकला.