पितांबरभाऊचं हेमांगीचं पद

माझा भाऊ पितांबर नाटक कंपनीत राणी व्हायचा. हसू नका! त्या काळी बायकांची कामं पुरुषच करायचे, आणि भाऊची हेमांगी पाहायला लोक गाड्या जुंपून धुळ्याला यायचे. वनात हाकललेली ती राणी हिरावलेल्या लेकराला हाक मारते, ते पद म्हणे तो असं गायचा की बाप्यामाणसं उपरण्यात तोंड लपवायची. ‘म्हणे’च म्हणायचं, कारण मी ते कधी ऐकलंच नव्हतं. आमच्या आईची सक्त ताकीद होती, सख्ख्या भावाला लुगड्यात बघायचं नाही. घरी त्यानं नुसतं गुणगुणलं तरी ती भांडी आपटायची. अख्ख्या खानदेशानं ऐकलं आणि बहीण तेवढी कोरडी राहिली!

मग बोलपट आले आणि कंपनी बसली. भाऊनं मिशा वाढवल्या, पारोळ्याला पन्नालालशेठच्या दुकानी धान्य मापायला लागला आणि गाणं सोडलं ते सोडलंच. आई गेल्यावर मी किती विनवण्या केल्या! ‘गळामा आते काही नही, भिकू,’ एवढंच म्हणायचा.

छत्तीस साली तेच नाटक बोलपट होऊन धुळ्याला आलं. हेमांगीचं काम खरीखुरी बाई करणार होती. भाऊ यायला तयार नव्हता. मी म्हटलं, तू येत नसशील तर मी एकटी जाते, मग बस नातेवाइकांची तोंडं बंद करत. आला मुकाट्यानं.

दुपारचा खेळ. बायका कनातीच्या अलीकडे, पुरुष पलीकडे. दिवे गेले आणि पडद्यावर हेमांगीचं तोंड आलं, आमच्या घराच्या दारापेक्षा मोठं! डोळ्यातलं पाणी गालावर उतरलेलं शेवटच्या रांगेतूनही दिसत होतं. आणि मग तिनं ते पद घेतलं. काय गळा देवानं दिला होता त्या बाईला! शेजारची सुंदरबाई पडद्याला हात जोडून बसली होती.

पद संपलं आणि आमचे धुळेकर नाटकाच्या सवयीनं ओरडले, ‘वन्स मोअर!’ नेमकं तेव्हाच रीळ संपलं आणि मशीनवाल्या मगननं ते बदलायला दिवे लावले. झालं! लोकांना वाटलं, मागणी मान्य झाली. सगळे सरसावून बसले. मगन म्हणाला, ‘अहो, पुढचं रीळ लावतोय, ती बाई परत नाही गाणार.’ मग जो गोंधळ उडाला! टोप्या काय उडाल्या, बाकं काय आपटली.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, ‘अरे, पितांबर बठेल शे आठे! त्यालेच म्हनू द्या!’

मी कनात बाजूला सारली. लाज गेली खड्ड्यात. मिशांवाला माझा भाऊ टोपी हातात चुरगाळत उभा होता आणि नाही नाही करत होता. मला बघितलं आणि थांबला.

‘भिकू,’ सगळ्यांदेखत त्यानं विचारलं, ‘तू आयकशी का?’

‘म्हन ना भाऊ! मी कोठे आयकेल शे!’

पेटी नाही, तबला नाही. पहिली ओळ घोगरी निघाली. दुसरीला सूर सापडला. तिसरीला तो हात पुढे करून लेकराला बोलवायला लागला, आणि देवाशपथ सांगते, मिशा दिसेनाशा झाल्या. पान्हा आटलेली, पायाला काटे रुतलेली एक बाई तिथं उभी होती. वरच्या सुरावर आवाज फाटला. मगन हातातलं रीळ विसरून गेला. वन्स मोअर म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

भाऊ खाली बसला. दिवे गेले, पुढचं रीळ सुरू झालं. त्यातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. मी अंधारात ढसाढसा रडत होते, आणि मरून वर्ष झालेल्या माझ्या आईचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला होता.