आबांनी वैशीला बोलावलं होतं

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही जवळचे आहात म्हणून नव्हे. तुम्ही आमच्या गावचे, डिंगोऱ्याचे नाही, उद्या चहाच्या टपरीवर माझ्या तोंडाकडं बघत बसणार नाही — म्हणून. आणि ऐकून झाल्यावर मला समजून घ्यायला जाऊ नका. गावानं मला फार समजून घेतलंय. बापाची सेवा करावी तर बाळूसारखी, म्हणतात. म्हणू देत.

माझी धाकटी बहीण वैशाली बास्केटबॉल खेळायची. आधी अमेरिकेत कॉलेजकडून, मग युरोपात पगारावर. इकडं कुणाला त्यातलं नीट कळत नव्हतं, पण अभिमान सगळ्यांना. कुठल्या लग्नात गेलो की पहिला प्रश्न ठरलेला — तुमची ती उंच बहीण कुठं असते आता? मी सांगायचो. पोलंड. हंगेरी. पोर्तुगाल. हसून सांगायचो. आणि दात आवळून घरी यायचो.

तिला खेळायला कुणी शिकवलं, हे मात्र कुणी विचारत नाही. मी शिकवलं. शाळेच्या टीममध्ये मी होतो, ती मागं मागं येऊन चेंडू आणून द्यायची. आमच्या वडिलांनी, आबांनी, खळ्याच्या कडेला खांब रोवला, वेल्डरकडून लोखंडी रिंग करून घेतली — ती माझ्यासाठी. मग ही वाढत गेली, माझ्या डोक्याच्या वर गेली. एक दिवस माझ्या हातावरून तिनं असा चेंडू टाकला, की आबा टाळ्या वाजवत उठले. खेळ शिकायला पुण्याच्या क्रीडा होस्टेलला कोण जाणार, ते तेव्हाच ठरलं असावं. मला म्हणाले, "बाळू, रानात एक गडी लागतोच."

गडी. पोरगा नव्हे, गडी. अजून टोचतं ते.

पुण्यातल्या एका शिबिरात परदेशी प्रशिक्षकानं तिला पाहिलं आणि ती अमेरिकेला गेली. शिक्षण फुकट, खेळ त्याच्या बदल्यात. पदवी झाल्यावर आबांनी निरगुडसरचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. हिनं पोलंडच्या क्लबशी करार केला. फोनवर दोघं इतकं भांडले, की त्यानंतर आबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मी मधे पडलो नाही. कशाला पडू? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आबांना मी एकटाच उरलो होतो.

तिचं तिथं काही थाटाचं नव्हतं. मला माहीत होतं, कारण ती मलाच फोन करायची. एका सीझनचा करार, सीझन संपला की बॅग भरायची. एका गावात प्रशिक्षक काय बोलतो तेच कळायचं नाही, म्हणून बाकावर बसवून ठेवायचे. गुडघ्यात पाणी व्हायचं. ते सुईनं काढायचं आणि पुन्हा उतरायचं. दर वेळी आधीपेक्षा लहान गाव, आधीपेक्षा लहान टीम. हे मी इथं कुणाला सांगितलं नाही. तिची लाज राखायला? नाही हो. मला ते एकट्यानं ऐकायला बरं वाटायचं.

मग आबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांना उचलणं, पुसणं, भरवणं — माझ्याकडं. डावा हात तेवढा चालायचा. तो ते वर उचलायचे आणि मनगट पुढं वाकवायचे. पुन्हा उचलायचे, पुन्हा वाकवायचे. डॉक्टर म्हणाले, झटके आहेत. बायकोही तेच म्हणाली. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चेंडू रिंगकडं सोडल्यावर मनगट जसं खाली पडतं, तसं होतं ते. ती खळ्यात तासन् तास तेच करायची.

खोलीत आम्ही दोघंच असताना मी विचारलं, "वैशी?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बोलावू तिला?"

त्यांनी मान हलवली. स्पष्ट ‘हो’.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी तो घेऊन गोठ्याकडं गेलो. ती रडत होती. म्हणाली, "दादा, मी येऊ का? सगळं टाकून येते. आबा जवळ येऊ देतील ना मला?"

मी म्हणालो, "नको येऊ. खुणेनं सांगितलंय त्यांनी, तिला घरात घ्यायचं न्हाई."

ती म्हणाली, बरं.

आणि आत येऊन मी आबांना सांगितलं, "मॅचेस हायेत म्हणती. जमणार न्हाई."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं चिडतील, तोंड फिरवतील. तसं काही नाही. पोरीला काम आहे, हे पटल्यासारखी मान हलवली. आणखी काही दिवस मनगट वाकवत राहिले. मग तेही सोडलं. जेवण त्याच्या मागोमाग सुटलं.

रागात झालं, असं म्हणू? राग आला की माणूस भांडी आपटतो, शिव्या देतो. मी तसलं काही केलं नाही. मी दोन माणसांना दोन वेगळी खोटी वाक्यं सांगितली — जुळवून, शांतपणे, एकाच दिवसात. आणि संध्याकाळी टोमॅटोला पाणी सोडायला गेलो.

आबा गेले तेव्हाही तिला म्हटलं, आता येऊन काय उपयोग? ती आली नाही. दहाव्याला माणसं बसली होती. "बापापरीस बॉल मोठा झाला तिला," एक चुलते म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी त्यांना चहा देत होतो.

गुडघा पुरता कामातून गेल्यावर तिचा खेळ थांबला. आता तिकडंच कुठल्याशा शाळेत पोरांना शिकवते. गेल्या हिवाळ्यात आली होती. केस पिकलेत, जिना उतरताना कठडा धरते. अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. आत बायको भाकरी थापत होती. वैशीनं विचारलं, "दादा, शेवटी शेवटी आबांनी माझं नाव काढलं व्हतं का? कसं का हुईना, खुणेनं तरी?"

आता काय अडलं होतं माझं? आबा नाहीत. तिचा खेळ नाही. माझं काही जाणार नव्हतं, आणि तिला सगळं मिळणार होतं. आणि समोर ती म्हातारी होऊ लागलेली बाई बसली होती — तरी मला ती टाळ्या घेणारी पोरगीच दिसत होती.

"न्हाई," मी म्हणालो.

माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "तू व्हतास त्यांच्याजवळ, लई बरं झालं. मला तुझे पांग फेडता यायचे न्हाईत."

मी म्हणालो, असू दे.