गारखेड्यात पाणी गोठलं तेव्हा

"गोठलं! अरे उठा, बादलीतलं पाणी गोठलं!"

पहाटेच्या अंधारात गारखेड्याच्या आमच्या गल्लीत ही आरोळी घुमली आणि पटापट दिवे लागले. आरोळी बाबांची होती. ओरडत मात्र मी होतो, कारण बाबा पावसाळ्यातच गेले होते.

दर हिवाळ्यात बाबा असेच ओरडायचे. पाणी एकदाही गोठलं नाही, ती गोष्ट वेगळी. वेरूळच्या दगडी हत्तीला सोंड का नाही? बाबा सांगायचे, थंडीनं त्यानं ती पोटात ओढून घेतली आणि बाहेर काढायची विसरला! हे शाळेत छातीठोक सांगून मी छड्या खाल्ल्या आहेत. आरोळी झाली की बाबा अंगणात उभे राहून तोंडानं 'हाऽऽ' करायचे. वाफ दिसली तरच शेकोटी पेटायची, हा त्यांचा कायदा. आणि वाफ म्हणजे काय, समोरचं घर दिसेनासं व्हायचं, दूधवाला भलत्याच दारात दूध ओतून जायचा.

ते गेले आणि त्या वर्षी थंडीच पडली नाही. डिसेंबरात पंखे गरगरत होते. मायनं तरी अंगणात शेकोटीसाठी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या, शेजारी बाबांची घडीची लोखंडी खुर्ची. रोज पहाटे ती बाहेर जायची, 'हाऽऽ' करायची, हवेकडं बघत राहायची आणि गुपचूप आत यायची. आमचं घर बुद्धाला मानणारं. भूत, आत्मा असलं काही मायला चालत नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं तर पहिली तीच हटकते. म्हणून, ती कुणाची वाट बघते हे विचारायची माझी छाती होत नव्हती. पण दिसत होतं. जानेवारी सरत आला आणि मायचा चेहरा पार उतरला.

शेवटी मी तिला समजावायला बसलो. "माय, यंदा थंडी नाय पडायची. समुद्र तापलाय."

"कोणता? नाथसागर?"

"धरण नव्हं गं. प्रशांत महासागर, पार पृथ्वीच्या पल्याड. एल निनो म्हणतात त्याला. तिथलं पाणी तापलं की वाऱ्याच्या वाटा बदलतात. यंदा हिमालयातबी बर्फ कमी पडला म्हणं. मग उत्तरेचं वारं इथवर गार कसं यावं?"

"आन् मागल्या साली?"

"तवा तेच पाणी गार होतं. ला निना. म्हणून लई थंडी पडली."

"समुद्रानं पाडली व्हय?" माय म्हणाली. "ते तर म्हणायचे, मीच आणली."

मग म्हणाली, "इतक्या लांबचं पाणी. त्याला काय ठावं, इथं कोण बसलंय ते."

त्याच दिवशी मी पाण्यानं भरलेली थाळी फ्रिजमध्ये वर, बर्फाच्या कप्प्यात ठेवली. पहाटे तो बर्फाचा पापड बादलीत सोडला आणि बाबांची नक्कल करायची म्हणून छाती भरून तीच आरोळी ठोकली. आता ऐका. घसा माझा होता, पण आवाजातली खरखर माझी नव्हती. ती मला कधी जमलीच नव्हती. माझ्याच अंगावर काटा आला. थापा मी खूप मारतो, पण ही त्यातली नाही. भिंतीपलीकडची मावशी "अगं बाई, भाऊजी!" म्हणाली आणि तिनं धाडकन दार लावून घेतलं.

माय बाहेर आली. बादलीत हात घालून तिनं बर्फ उचलला. त्यावर आमच्या थाळीची कड उमटलेली. बर्फ परत सोडून तिनं 'हाऽऽ' केलं. वाफ नाही. तरी तिनं काडी ओढली.

घामानं निथळत आम्ही शेकत बसलो. पावसाळ्यापासून न फिरकलेला गल्लीच्या तोंडाचा लंगडा कुत्रा आला, रिकाम्या खुर्चीकडं बघून त्यानं शेपूट हलवलं आणि तिच्याखाली अंग टाकलं. माय त्या खुर्चीकडं बघत होती. मी बघत नव्हतो. बघायची हिंमतच नव्हती. विस्तव विझला, ऊन आलं, तेव्हा ती उठली.

"माय," मी विचारलं, "आवाज त्यांचाच आला ना?"

"आला," खुर्ची मिटत ती म्हणाली. "पण त्यांना ओरडायला बर्फ लागत नव्हता."