पाटोद्याच्या शाळेतली दातांची वही

आदरणीय यादवराव गुरुजींची आणि माझी ओळख माझ्या तोंडापासून झाली. पाटोद्याच्या सरकारी शाळेत दुय्यम मास्तर म्हणून मी रुजू व्हायला गेलो, तेव्हा तिथले मुख्य मास्तर असलेले ते अंगणात एका चिमुकल्याची हनुवटी उजेडाकडे वळवून त्याचे दात पाहत होते. माझा हुकूमनामा त्यांनी न वाचताच खिशात घातला.

"आधी तोंड उघडा. पान खाता व्हय तुमी? मग पोरांनी तुमचं कावून ऐकावं?"

त्या दिवसापासून माझं पान सुटलं. निदान शाळेच्या वेळेत तरी.

प्रार्थनेआधी लहान वर्गातल्या लेकरांना ओळीने बसवून गुरुजी बाभळीची कोवळी काडी हाती देत आणि समोर उकिडवे बसून स्वतः दात घासून दाखवत. मग मिठाच्या पाण्याची चूळ. गावातली मंडळी हसायची, मास्तर पोरांची थोबाडं धुतोय म्हणायची. गुरुजींना त्याचं काहीच वाटत नसे. दाढ ठणकणाऱ्या लेकराला पाढे काय डोंबल येणार, असं ते विचारत.

मात्र या खटाटोपाचा उपयोग होतो की नाही, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. म्हणून त्यांनी एक वही सुरू केली. प्रत्येक लेकराचे किडलेले आणि गेलेले दात आरंभी टिपायचे, वर्षाने पुन्हा टिपायचे. हे काम माझ्याकडे आलं. मी आईबापाला एकुलता, त्यात बिनलग्नाचा; लहान लेकरं जवळून कधी पाहिलीच नव्हती. दिसली फट की लिहिला गेलेला दात!

वर्षाने शाळा तपासणारे मोहतमीम साहेब आले. वही चाळता चाळता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"मास्तर, सालभर दाँत घिसाए, और दाँतच गायब? बंद करो ये काम."

 गुरुजींनी वही हातात घेऊन पानं उलटली. तेवढ्यात शाळेत पाणी भरणाऱ्या हौसाबाईंनी घागर खाली ठेवली.

"सायेब, दुधाचे दात हायेत ते, पडणारच की! तुमचे काय पडले न्हाईत व्हय?"

सगळं अंगण खिदळलं. साहेबांनाही हसू आवरेना. पण हसू ओसरताच त्यांनी विचारलं, ही वही लिहिली कोणी? माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. एका शेऱ्यानं मी घरी बसलो असतो.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "काय टिपायचं ते मीच नीट सांगितलं न्हाई. चूक माझी हाय."

शेरा त्यांच्या नावावर पडला आणि त्यांची बढती लांबली. दात घासण्याला मात्र आणखी एका वर्षाची मुदत मिळाली. घरी मी रडलो, हे लिहायला आज लाज वाटत नाही.

पुढल्या खेपेला दुधाचे दात वेगळे, पक्के वेगळे, अशी वही गुरुजींनी स्वतः आखली. तपासणीच्या आदल्या दिवशी मी दबकत सुचवलं की फार किडक्या दातांच्या चारदोन पोरांना उद्या घरीच ठेवू. गुरुजी कधी नव्हे ते कडाडले.

"मग मोजायचं कावून? ज्याची दाढ दुखते, तो पहिल्या ओळीत बसंल."

निकाल आला तो अर्धामुर्धा. धाकट्यांचे दात सुधारले होते, थोरल्यांचे जिथल्या तिथे. थोरली पोरं सकाळी काडी फिरवत आणि घरी आईच्या डबीतली जळक्या तंबाखूची मिश्री दातांना लावत. गुरुजींनी दोन्ही गोष्टी जशाच्या तशा लिहून दिल्या. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"अपनी खामी खुद लिखनेवाला मास्तर पहिली बार देखा. चलने दो."

त्या संध्याकाळी आम्ही पोरांसारखे हसलो. पुढे गुरुजींनी आयाबायांना शाळेत बोलावून मिश्रीच्या डब्यांशी जो जन्माचा दावा मांडला, तो अजून चालूच आहे!

त्या पहिल्या वहीची चूक कोणाची होती, हे गुरुजींनी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून आज मीच सांगतो: ती माझी होती. त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात ते छापलं म्हणून ते रागावतील. खुशाल रागावोत. परमेश्वर त्यांना शंभरी दाखवो, आणि त्या दिवशीही ज्वारीची कडक भाकरी त्यांनी स्वतःच्या दातांनी मोडून खावी. शेजारी बसून दात मोजायला मी येईन, आणि या वेळी चुकणार नाही.