आलोच म्हणणारे भावजी

भिंत पातळ होती हे खरं, पण मी कानही लावला होता, खोटं कशाला बोलू. पलीकडच्या खोलीत माझी धाकटी जाऊ सहा दिवसांच्या लेकीला मांडीवर घेऊन नवऱ्याला, म्हणजे माझ्या दिराला, झापत होती. तेही कुजबुजत, पोर उठू नये म्हणून.

"अर्ध्या तासात आलोच म्हणालात. मी कळा मोजत घड्याळाकडे बघत बसले. तीन तास!"

"अगं, शेवटची फेरी राहिली होती. जिंकलो ना पण!"

"जिंकलात. आणि मला जाऊबाईंनी दूधवाल्याच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. कॅनच्या मध्ये बसून गेले मी."

"पण मी येतच होतो..."

"तुमचं ते 'आलोच' आजपासून मला ऐकवू नका. माझा विश्वास उडालाय त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी भावजींनी शर्यतीची गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकलली, वर ताडपत्री टाकली आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. एकतीस वर्षं त्या विटा हलल्या नाहीत.

भावजी बस डेपोत इंजिन फिटर होते. तिथे त्यांचं नावच 'आलोच' पडलेलं. हाक मारली की बसखालून आवाज यायचा, "आलोच!" आणि माणूस बाहेर येईपर्यंत चहावर साय धरायची. धाकटी मुलींच्या शाळेत घंटा द्यायच्या नोकरीला. तिच्या एका टोल्यावर चारशे मुली उठायच्या नि बसायच्या. या दोघांची गाठ ज्याने बांधली, त्याला घड्याळ कळत नसावं.

निवृत्त झाल्यावर भावजींनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. चांगले होते तेही केले, मग ते गळायला लागले. पंधराव्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तर शेडमधून खोकल्यासारखा आवाज. विटा बाजूला, ताडपत्री खाली, आणि भावजी गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभे. धाकटी दारात कधी येऊन उभी राहिली, त्यांना कळलंच नाही.

"आवाजावरून वाटतंय, जिवंत आहे," ती म्हणाली.

"नुसतं बघत होतो गं."

"बघा की. पळवाही. पण तीन शर्यती. तीनातल्या एकीत तरी तोंडाने सांगाल त्या वेळेला पोचून दाखवा. नाहीतर गाडी भंगारात."

ही अट तिला उगाच सुचली नव्हती. शहराबाहेर विमानांच्या जुन्या धावपट्टीवर हौशी लोकांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या होत्या. त्यांचा एक नियम भावजींनी आम्हाला जेवताना समजावला होता. गाड्या जुन्या-नव्या, कमी-जास्त दमाच्या, म्हणून आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत जाईल ते प्रत्येकाने आधीच काचेवर लिहायचं. दोन-दोन गाड्या पळतात, आणि आकड्यांत जेवढा फरक तेवढं हळू गाडीला आधी सोडतात. पुढे जो पहिला पोचेल तो जिंकला, पण लिहिल्यापेक्षा लवकर पोचला तर बाद! त्याला तिथे 'आकडा फुटला' म्हणतात. पेपर फुटल्याचं मी ऐकलं होतं, आकडाही फुटतो हे तेव्हा कळलं.

पहिल्या शर्यतीत भावजींनी काचेवर सतरा लिहिलं. गाडीला लागले विसाला थोडे कमी. घरी आल्यावर म्हणाले, "चारचौघांत वीस लिहायला लाज वाटते हो वहिनी."

दुसऱ्या वेळी लाज गिळून त्यांनी वीस लिहिलं. शेजारच्या पट्टीत एक दातांचा डॉक्टर होता. तो पुढे जाताना दिसला आणि भावजींचा पाय आवरेना. आकडा फुटला.

धाकटीने भंगारवाल्याचा फोन नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला. भावजींचं जेवण निम्म्यावर आलं.

तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मी येते." आम्ही दोघी घडीच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास घेऊन गेलो. उन्हाने डांबर मऊ झालं होतं, चपला चिकटत होत्या. सकाळी सरावाच्या तीन फेऱ्या झाल्या. पट्टीच्या टोकाला एक फळा असतो, त्यावर वेळ उमटते. धाकटी फळ्याकडे बघत नव्हती. डोळे मिटून बोटाने मांडीवर ठोके देत होती, शाळेत द्यायची तसे. तिसऱ्या फेरीनंतर उठली, भावजींनी काचेवर लिहिलेलं साडेएकोणीस रुमालाने पुसलं आणि पांढऱ्या रंगाने लिहिलं, १९.८०. टिंबानंतरचे आकडे मला शाळेत भेटलेच नाहीत, मी त्याआधीच बाहेर पडले. पण भावजींचा चेहरा बघून कळलं की आकडा लाजिरवाणा आहे.

"अगं, लोक हसतील!"

"हसू देत. गाडी तुमची दुसऱ्या गिअरला अडखळते, मला इथून ऐकू येतं. जमेल तेवढंच सांगा ना, आयुष्यात एकदा."

शेजारच्या पट्टीत बेकरीवाला होता, त्याची गाडी चपळ, म्हणून भावजींना आधी सोडलं. खांबावरचे पिवळे दिवे एकेक लागले, मग हिरवा. भावजी निघाले. शेवटपर्यंत पुढे होते. बेकरीवाला मागून येत होता, आणि मला इथे बसून दिसत होतं की आता हा माणूस पाय दाबणार. मी धाकटीचा हात धरला. ती ठोके मोजतच होती.

भावजींनी पाय उचलला. गाडीचा आवाज खाली आला ते आम्हाला ऐकू आलं. बेकरीवाला वीतभराने पुढे गेला आणि जिंकला. फळ्यावर भावजींचा आकडा उमटला, १९.८१.

ते घामाने निथळत आले. टोपी हातात. "हरलो."

"हरलात, पण सांगितलं तसे आलात," धाकटी म्हणाली. "एक शतांश सेकंद उशीर. तेवढा मी पोटात घालते." मग थर्मासचं झाकण पुढे केलं. "घ्या, गरम आहे अजून."

कॅलेंडरवरचा नंबर तिने घरी आल्याआल्या खोडला.

नंतर सहा वर्षं भावजी महिन्यातून एकदा पट्टीवर जायचे. कधी जिंकायचे, बहुतेकदा नाही. पण घरात एक खोड लागली. कुठेही निघाले की मिनिटं सांगायचे. "वहिनी, बावीस." आणि लवकर आले तर आत यायचे नाहीत! फाटकाजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन घड्याळ बघत बसायचे. मी खिडकीतून ओरडायचे, "अहो, या की आत, दूध नासेल!" तर म्हणायचे, "थांबा, आकडा फुटेल."

ते गेले त्या दिवशीही असंच. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत, पण ते नंतरचं. सकाळी धाकटीच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या आणि पावही नव्हता. भावजी चपला घालत म्हणाले, "पंचवीस." मी खिडकीत शेंगा सोलत होते. दोन मिनिटं आधीच आले, बाकावर बसले, पिशवी मांडीवर ठेवली. शेजारचं मांजर येऊन पायाशी घोटाळलं, त्याला त्यांनी पावाचा तुकडा मोडून दिला. मग घड्याळ बघून उठले आणि बेल वाजवली.

धाकटीने दार उघडलं. त्यांनी गोळ्या टेबलावर ठेवल्या, पाव डब्यात टाकला, पिशवीची घडी करून खिळ्याला अडकवली.

"पाव कुणी खाल्लाय?" धाकटीने विचारलं.

"मांजराने. दोन मिनिटं शिल्लक होती, ती त्याला दिली."