शिरूरची भूल, दौंडच्या गोळ्या

न्हावऱ्यात माझं खतं-औषधांचं दुकान. औषधं कांद्या-उसाची, माणसांची नव्हेत. तरी गिऱ्हाईक आलं की मी निम्मा डॉक्टर असल्यासारखा बोलायचो. पान दाखवा, पाणी कधी दिलं, आधी काय फवारलं होतं. अशा माणसाला स्वतःचं काही बिघडलंय हे सगळ्यात उशिरा कळतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. घरात कुणी गेलं नव्हतं, दुकान बरं चाललं होतं, आणि मला सकाळी उठून चप्पल घालायचाही कंटाळा येई. कंटाळा हा शब्दही चुकीचाच. कंटाळलेल्या माणसाला निदान दुसरं काहीतरी करावंसं वाटतं. मला काहीच वाटत नसे. जेवण म्हणजे चावायचं काम. गिऱ्हाइकांचा आवाज सोसेना म्हणून मी मागच्या गोदामात खताच्या पोत्यांच्या थप्पीवर चढून बसू लागलो. बायको काउंटर सांभाळी आणि विचारणाऱ्याला सांगे, "पुण्याला गेल्यात." पुण्याला गेलेला माणूस आत युरियावर आडवा.

एका दुपारी ती थप्पीखाली येऊन उभी राहिली. म्हणाली, "विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली मी माझ्याकडं घेतलीय."

कशाला, असं मी विचारलंही नाही. त्यावरूनच तिला काय ते कळलं. संध्याकाळी तिनं दौंडला भावाला फोन लावला.

मेहुणा रेल्वेत. दुसऱ्या दिवशी हजर. "दाजी, आमच्याकडं मनाचा डॉक्टर येतो गुरुवारी. चला."

"मी काय येडा हाय का?"

"न्हाई. येडा असता तर एवढा भाव खाल्ला नसता."

डॉक्टर तरुण होता. सगळं ऐकून म्हणाला, हे डिप्रेशन आहे, आणि गोळ्या लिहून दिल्या. "फरक पडायला काही आठवडे लागतील. मधे सोडू नका." मी मान हलवली. गिऱ्हाईक माझ्यापुढं हलवतं, तशीच.

गोळ्या चालू झाल्या. चार-सहा दिवसांत तोंड कोरडं पडण्यापलीकडं काही घडेना. मी आपला वर थप्पीवर. अशात एकदा कूस बदलताना वरचं पोतं सरकलं आणि त्याच्याबरोबर मीही. खांदा निखळला. पुण्याला गेलेला माणूस गोदामात ओरडतोय म्हटल्यावर गिऱ्हाइकंच आत धावली आणि त्यांनीच जीपमध्ये घालून शिरूरला नेलं.

तिथल्या सर्जननं खांदा बसवायला भुलीचं इंजेक्शन दिलं. छत लांब गेलं, मग माझे पाय लांब गेले, मग मीच कुठंतरी लांबून माझ्याकडं बघत होतो. त्या अवस्थेत मी म्हणे सर्जनला पोटॅशचा भाव सांगितला आणि उधारी बंद असल्याचंही बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात गळ्यात बांधलेला, खांदा ठणकतोय, आणि बायकोनं चहा पुढं केला.

"आलं टाकलंस?"

"रोजच टाकते," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघतच राहिली.

छातीवरचं ओझं नव्हतं. खरंच नव्हतं. मी दुसरा कप मागितला, दुकान उघडलं, एका हातानं गल्ल्यावर बसलो. लोक खांद्याची चौकशी करायला येत आणि मी हसून बोलतोय हे बघून गोंधळून जात.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? डॉक्टरला विचारलं असतं. मी निदान स्वतःच करून टाकलं: निखळल्यावर मेंदूला जो झटका बसला, त्यानं गाडी रुळावर आली. गोळ्या उकिरड्यावर. आल्यागेल्याला मी ही थिअरी ऐकवली. एका आबांनी विचारलं, "म्हंजी आमच्या जावयालाबी थप्पीवरनं ढकलू का?"

आठवडा झाला असेल-नसेल, चहाचा वास गेला. मी पुन्हा पोत्यांवर. या वेळी जास्त वाईट, कारण आता काय हरवलंय ते ठाऊक होतं.

मग मी आयुष्यातला सर्वात मोठा मूर्खपणा केला. एसटीनं एकटाच शिरूरला गेलो आणि सर्जनला म्हणालो, "डॉक्टर, दुसरा खांदाही जरा सैल वाटतोय. बसवून टाका. भूल मागच्यासारखीच द्या."

त्यानं खांदा तपासला, मग माझा चेहरा बघितला. घरचा फोन नंबर विचारला आणि बायको येईपर्यंत मला बाकावरून हलू दिलं नाही. त्या बाकाचे मी आजही उपकार मानतो.

गुरुवारी ती मला घेऊन दौंडला गेली. मला वाटलं डॉक्टर झापणार. पण इंजेक्शनची हकीकत ऐकून त्यानं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढं ओढली. किती वेळानं बरं वाटलं, किती टिकलं, सगळं विचारलं. मग म्हणाला, "खांदा निखळून नव्हे, ते औषधानं झालं असणार. केटामीन. परदेशात हल्ली काही डॉक्टर याचाच अभ्यास करतायत."

मग त्यानं समजावलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे बारीकशी फट असते. एक पेशी फटीत रसायन सोडते, पलीकडची ते झेलते, उरलेलं पहिली परत ओढून घेते. माझ्या गोळ्या ते परत ओढणं कमी करायच्या. हे पहिल्या दिवसापासूनच होतं. पण पलीकडच्या पेशींनी त्याची सवय करून घ्यायला, नव्या फांद्या फुटायला आठवडे जातात. ते इंजेक्शन वेगळ्याच रसायनाचा दरवाजा अडवतं, म्हणून ओझं झटक्यात उतरलं.

"मग तेच द्या की," मी म्हणालो.

"टिकत नाही, बघितलंत ना. पुन्हापुन्हा द्यायचं तर धोके काय, ते मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी तुमच्यावर करणार नाही."

आता बायको बोलली. "डॉक्टरसाहेब, यांच्या दुकानात अंगावर पडलं की कीड मारणारं औषध वेगळं, आन् झाडाच्या आतनं फिरणारं वेगळं. दुसऱ्याला टाईम लागतो, असं हे रोज शंभर जणांना सांगत्यात. घरी आल्यावर इसरत्यात."

डॉक्टर हसला. मलाही हसू यायला हवं होतं, पण तेवढी ताकद नव्हती. एवढंच विचारलं, "म्हणजे माझं आतलं मेलेलं न्हाई?"

"मेलेलं असतं तर त्या सकाळी जागं कसं झालं असतं?"

त्या एका वाक्यावर मी पुढचे दिवस काढले. गोळी बायको हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. मेहुणा दर गुरुवारी दौंडच्या एसटी स्टँडवर उभा. ते इंजेक्शन टिकलं नाही, पण परतीचा रस्ता आहे एवढं दाखवून गेलं, म्हणून त्याचाही मी ऋणी आहे.

गोळ्यांनी कधी बरं वाटू लागलं ते मात्र सांगता येत नाही. तशी ठरावीक सकाळ उजाडलीच नाही. एकदा चहा पिताना बायको म्हणाली, "पहाटं घोरत होता. कवाचं बंद झालं होतं."

"झोपमोड झाली का?"

"झाली," ती म्हणाली. "मी उठून बसले आन् ऐकत राहिले."