जेद्दाहची उलटी खिडकी

विष्णू मिस्त्रींना कुठेही न्या, ते आधी तिथलं लाकूड बघणार. बर्मिंगहॅमला मुलाकडे राहायला आल्यापासून चर्चमध्ये त्यांनी बाकांचे सांधे तपासले आणि बँकेत काउंटरची फळी. मुलगा, राजीव, वैतागायचा. पण २००७च्या मार्चमध्ये तोच त्यांना मुद्दाम एका गॅलरीत घेऊन गेला. तिथे जेद्दाहच्या जुन्या घरांचं प्रदर्शन लागलं होतं, आणि मिस्त्रींनी ऐन उमेदीची सात वर्षं जेद्दाहला काढली होती.

जेद्दाह म्हणजे मक्केला जाणाऱ्या हाजींचं बंदर. बोटीतून उतरलेली माणसं आधी तिथे टेकायची. घरं चार-चार मजली, भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांच्या, आणि दर्शनी बाजूला लाकडाच्या मोठमोठ्या जाळीदार खिडक्या. लाकूड कुठलं? तर आपल्याकडून गलबतांतून गेलेलं सागवान! हजच्या दिवसांत मालक वरचे मजले हाजींना देत, त्यामुळे गल्लीत समोरासमोर सगळी परकी माणसं. म्हणून जाळीच्या पट्ट्यांची बाहेरची कड खाली झुकवलेली असायची. आतल्या बाईला खालची गल्ली दिसावी, वारा यावा, पण समोरच्या वरच्या मजल्यावरून कुणाला आत डोकावता येऊ नये. राजापूरच्या या सुताराने असल्या मोडक्या खिडक्या दुरुस्त करण्यातच ती सात वर्षं घातली.

हॉलमध्ये शिरताच मिस्त्री थबकले. समोर त्यांच्याच हातची खिडकी होती. खालच्या चौकटीवर त्यांनीच कधीतरी पटाशीने कोरलं होतं, 'आत'. म्हणजे ही बाजू घराच्या आत. आणि आता ते 'आत' सगळ्या जगाकडे तोंड करून बाहेर! खिडकी उलटी बसवली होती. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, कारागिराची अरबी खूण. कपाळ! खिडकीमागे गॅलरीवाल्यांनी गाद्यागिरद्या घालून बायकांचा दिवाणखाना मांडला होता, आणि वरच्या मजल्याच्या कठड्याला रेलून लोक मजेत आत बघत होते.

मिस्त्रींच्या अंगाची लाही लाही झाली. ही खिडकी जिथली, ते घर एका विधवेचं होतं. तिचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. दाराआडून तिने एकदाच विचारलं होतं, समोरच्यांना आतलं दिसणार नाही ना? आणि मिस्त्रींनी शब्द दिला होता.

मॅनेजर बाईंनी फार गोड समजावलं. खिडकी मालकाकडून उसनी आणलेली, प्रदर्शन संपेपर्यंत तिला हात लावता येणार नाही, हवं तर खाली चूक झाल्याची चिठ्ठी लावू.

"चिठ्ठी काय लावताय?" मिस्त्री म्हणाले. "तिथे बाई उघडी पडलीय."

राजीवने इंग्रजीत सांगताना हे वाक्य गाळलं. मिस्त्रींच्या ते बरोब्बर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ एकटेच बस पकडून गॅलरीत हजर. वरच्या कठड्याशी, जिथून सगळ्यात चांगलं दिसायचं तिथे, उभे राहिले आणि छत्री उघडून पुढे धरली. गार्डने हटवलं की जिना उतरायचे, आणि तो वळला की परत वर. असं रोज. गोष्ट ऑफिसात पोचली आणि राजीवची मान खाली. बाबा, लोक काय म्हणतील, असं तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"लोकांनी बघू नये म्हणूनच उभा आहे मी."

नवव्या दिवशी गॅलरीतली एक मुलगी येऊन शेजारी उभी राहिली. नाव अक्षया, जन्म लंडनच्या एजवेअरचा. पाटीवरचा मजकूर तिनेच लिहिला होता.

"आजोबा, तो खिडकी खरंच उलटा आहे?"

मिस्त्रींनी छत्री मिटली, तिला खाली नेलं आणि त्या अक्षरांवर बोट ठेवायला लावलं. लहानपणी शनिवारच्या मराठी क्लासला ती रडत जायची, तेवढीच काय ती पुंजी.

"आ... त. आत. म्हणजे inside."

मग आपण कुठे उभ्या आहोत ते तिने पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

मॅनेजर बाईंनी तिलाही तेच सांगितलं. पोरगी ऐकेना. पाटीवर खोटं लिहिलंय, ते काढा नाहीतर मी नोकरी सोडते, म्हणाली आणि खिडकीच्या मालकाला स्वतःच पत्र धाडलं. अठरा दिवसांनी उत्तर आलं: ज्याने दुरुस्त केली, त्यालाच फिरवू द्या.

सोमवारी गॅलरी बंद असते. मिस्त्रींनी दोन माणसं हाताशी घेऊन खिडकी उतरवली, फिरवली, ठोकून बसवली. हातोडी मात्र कुणाला दिली नाही. मग अक्षयाला आत पाठवून ते जिना चढून कठड्याशी गेले.

"काय दिसतं गं?"

"खाली राजीवकाका. गार्ड. सगळा हॉल."

मिस्त्री कठड्यावर वाकले. या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं.

"आता हात हलव."

"कधीपासून हलवतेय, आजोबा."